गलाईच्या धुराबद्दल गप्प बसून कुणाचं भलं होणार?

विट्याच्या दादांना,

जुनं सोनं मोडून दागिना घडवण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही रागानं लिहिलंत. हॉलमार्क बघितला की गिऱ्हाइकाचं काम संपलं, सोनं कुठल्या खाणीतलं हे सराफालाही ठाऊक नसतं, आणि गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यातल्या, धुराबद्दल लिहून मी खानापूर-आटपाडीच्या पोरांच्या पोटावर पाय आणतोय, असं तुमचं म्हणणं.

पोटावर पाय हा आरोप फार लागला, म्हणून त्याचंच आधी. पाऊस दगा देतो म्हणून मूस आणि भट्टीची विद्या घेऊन आपली माणसं देशभर गेली, परक्या गावातल्या सराफांचा विश्वास कमावला. त्यांचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या खोलीत काय चालतं? मोडीचं सोनं चांदीबरोबर वितळवून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी उरतं. त्या वेळी भांड्यातून तांबूस धूर उठतो, नायट्रोजन डायऑक्साइडचा. हा धूर फसवा. छातीत गेला तर तेव्हा नुसता ठसका लागतो, आणि काही तासांनी, माणूस घरी जेवायला बसल्यावर, फुप्फुसात पाणी धरू शकतं. पुढं चांदी परत मिळवायला त्याच ॲसिडात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. मागं उरतं ते तांब्यानं भरलेलं निळं पाणी. ते गटारात ओतलं तर जातं कुठं, हे ओढ्याकाठी राहणाऱ्याला विचारा. धूर ओढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुणारी यंत्रणा मिळते. तिला पैसे लागतात, आणि मजुरीत घासाघीस करणारे आपणच.

गिऱ्हाइकाचा काय संबंध म्हणता, तर केडीएम आठवा. डाग लावताना, म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडताना, सोन्याचा कस उतरू नये म्हणून डागाच्या धातूत कॅडमियम आलं, तेच केडीएम. आपण दुकानात ‘केडीएमच आहे ना?’ विचारत राहिलो आणि कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसात, मूत्रपिंडात गेली. म्हणजे आपण काय मागतो त्यावर त्याची हवा ठरते. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो, चांगलंच झालं. पण हॉलमार्कातलं ९१६, म्हणजे २२ कॅरेट, कस सांगतं, उगम सांगत नाही.

खाणींचं थोडक्यात. कर्नाटकातल्या हट्टीतून निघणारं सोनं वर्षाला दोन टनही भरत नाही. बाकीचं बहुतेक बाहेरून येतं. जगात माणसामुळं हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त पारा छोट्या सोनेखाणींतून जातो. तिथं पाऱ्यात सोनं धरून तो उघड्यावर जाळतात, बऱ्याचदा घरातल्या चुलीवरच. म्हणून मोडीचं सोनं मला बरं वाटतं. ते गाळणाऱ्याची छाती शाबूत राहिली तर.

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर मी मोड देताना विचारतो, ‘गाळायला कुठं देता? धुराची सोय आहे का?’ बरेच जण नीट सांगतात. दादा, तुमच्या ओळखीत कुणी अशी यंत्रणा बसवली असेल तर खर्च किती आला ते कळवा. त्यावर स्वतंत्र लेख करतो.