दिवा येतो-जातो, म्हणून सेन्सर खराब?

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर उन्हाळ्यापासून एक मेसेज फिरतोय. मला तो मेहुण्यानं पाठवला, भाच्यानं पाठवला आणि शेवटी दूधवाल्यानंही. सार असं: गाडी दहा वर्षांपुढची असेल आणि डॅशबोर्डवरचा दिवा कधी लागतो, कधी जातो, तर बिघाड काही नाही, सेन्सर म्हातारा झालाय. बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटं काढून लावा. तरी दिवा आला तर सेन्सर बदला, आणि काटे वेडेवाकडे हलत असतील तर अख्खं मीटरच बदला.

यातलं पहिलंच वाक्य इंजिनाच्या जिवावर उठणारं आहे.

“येतो-जातो म्हणजे बिघाड नाही.” ऑइलचा लाल दिवा घ्या. त्याचा स्विच म्हणजे एक पडदा आणि एक स्प्रिंग, बस्स. ऑइलचा दाब साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेला की तो ‘अर्थ’ होतो, म्हणजे सर्किट गाडीच्या धातूला जोडलं जातं, आणि दिवा लागतो. मे महिन्यात भर दुपारी सोलापुरात सात रस्त्याला गाडी अडकली, इंजिन तापलेलं, ऑइल पातळ झालेलं, आणि आयडलला दिवा लुकलुकला. थोडी रेस दिली की गेला. मेसेजवाल्याच्या हिशेबानं सेन्सर खराब. पण बेअरिंग झिजलेल्या इंजिनात नेमकं हेच होतं. तुळजापूरच्या घाटात वळणावरच दिवा येत असेल तर ऑइल कमी असण्याची शक्यता मोठी, कारण ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. दोन्ही वेळी दिवा खरंच बोलतोय. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबून सपाट जागेवर डिपस्टिक बघा. ऑइल पुरेसं असेल तर मिस्त्रीला स्विचच्या जागी साधं प्रेशर गेज लावायला सांगा. गेजवर दाब चांगला दिसला, तरच स्विचला दोष द्या.

ब्रेकचा दिवा वळणावर लागतो तोही असाच. डब्यातलं फ्लुइड खाली गेलेलं असतं, वळताना हलतं आणि त्यात तरंगणारा फ्लोट खाली टेकतो. बऱ्याचदा मागचं कारण झिजलेले पॅड असतात, नाहीतर कुठेतरी गळती. वरून फ्लुइड ओतून विषय मिटत नाही.

“निगेटिव्ह काढून लावा, दिवा जाईल.” जातो, हे मान्य. पण का जातो? जुन्या गाडीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते. क्लॅम्प काढून परत बसवताना ती खरवडली जाते आणि कनेक्शन काही दिवस सुधारतं. गुण त्या खरवडण्याचा, श्रेय मात्र ‘रीसेट’ला. दुसरं कारण जास्त वाईट. गाड्यांच्या धुराचा नियम बीएस-4 हा 1 एप्रिल 2010 ला देशातल्या मोजक्या शहरांत सुरू झालं आणि त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. म्हणजे त्यानंतरच्या बहुतेक एमएच-13, म्हणजे सोलापूर पासिंगच्या, गाड्यांत चेक इंजिनच्या दिव्यामागे बिघाडाचा कोड साठवलेला असतो. अनेक गाड्यांत दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, कूलंट किती गरम, हेही त्यासोबत नोंदवलेलं असतं. निगेटिव्ह काढली की बऱ्याचदा हा सगळा पुरावा पुसला जातो. बिघाड तिथेच राहतो, आठवड्यानं दिवा परत येतो, आणि वायरमन विचारतो, “कोड काय होता?” आधी स्कॅनर लावा, कोड लिहून घ्या, मग काय काढायचं ते काढा.

“काटे नाचतात, मीटर बदला.” इथे माझाच अनुभव सांगतो. गाडी 2006 ची. इंडिकेटर दिला की टिक-टिकच्या तालावर पेट्रोलचा काटा डुलायचा. पार्किंग लाइट लावले की तापमानाचाही हलायचा. एका गॅरेजवाल्यानं मीटर बदलायचं ठरवूनच टाकलं होतं. पण दोन वेगळे काटे, दोन वेगळे सेन्सर, एकाच दिवशी एकाच तालात बिघडतात कसे? दोघांत समाईक असतो तो मीटरचा सप्लाय आणि अर्थ. होटगी रोडच्या एका वयस्कर वायरमन काकांनी पायाजवळचं पॅनल काढलं, आतला गंजलेला अर्थ बोल्ट सॅंडपेपरनं घासला, घट्ट केला. नाच बंद.

काकांनी एक पद्धत शिकवली, ती कुणीही करू शकतं. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, नंतर बॉडीला. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा. मी हेच ओहममध्ये मोजायला निघालो होतो तर काका हसले: वायरीची एकच तार शिल्लक असली तरी ओहम जवळपास शून्य दाखवेल, पण लोड आला की ती तार दम तोडेल. मग बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. बंद गाडीत 12.6 च्या आसपास आणि चालू इंजिनावर साधारण 13.8 ते 14.4 हवं. तेच गडबडलेलं असेल तर बाकीचे दिवे बघण्यात अर्थ नाही.

“तरीही आला तर सेन्सर बदला.” कुठला? तापमानाच्या सेन्सरचा रेझिस्टन्स गरम होताना कमी होतो. त्यामुळे सेन्सर अर्थमार्गे काम करणाऱ्या साध्या गेजवर वायर तुटली तर काटा थंडवर पडतो, आणि वायर सोलून बॉडीला टेकली तर एकदम गरमवर उडतो. (तशी वायर आमच्याकडे उंदरानं सोलली होती.) तेव्हा इंजिन चालू ठेवून कपलर (वायरींचे जोड) आणि हार्नेस (वायरींचे जुडगे) एकेक करून हलवा, पंखा-पट्ट्यापासून हात लांब ठेवा. हलवण्याबरोबर दिवा आला की जागा सापडली. बिघाड फक्त दुपारी येत असेल तर गाडी सकाळी नऊला गॅरेजला नेऊन उपयोग नाही. आपल्याकडे 42 अंशांत तासभर उन्हात उभी केली की जोड फैलावतात आणि बिघाड स्वतःहून समोर येतो.

सेन्सर कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. माझ्या टाकीतला पेट्रोल मोजणारा सेन्सर एका जागी झिजलाय. पाव टाकीच्या आसपास काटा शून्यावर आपटतो आणि खड्डा आला की परत वर येतो. एकच काटा, एकाच जागी, म्हणून खात्री आहे. बदलायला टाकी उतरवावी लागते, आणि अजून ते जमलेलं नाही. तोवर ट्रिप मीटर बघून पेट्रोल भरतो.