म्हैस पान्हवत नाही आणि दूध तयार होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी

भाऊ, म्हशीच्या दुधामागं प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारं संप्रेरक (हार्मोन) असतं, हे मी लेखात उंदरांच्या प्रयोगांवरून मांडलं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘उंदरांचे प्रयोग सांगून आमच्या म्हशींना शिकवू नका. वगार मेली आणि दुसऱ्याच दिवशी म्हैस निम्म्यावर आली. एका रात्रीत प्रोलॅक्टिन कुठं गेलं? ढेप बंद करून बघा, मग कळेल संप्रेरकांची करामत.’

उंदरांचं तुमचं म्हणणं मान्य. १९६०च्या दशकात उंदरिणीच्या स्तनग्रंथीचे तुकडे काचपात्रात ठेवून दाखवलं गेलं, की इन्सुलिन, कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिन तिन्ही मिळाले तरच केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, नीट तयार होतं. ते मी सरळ गोठ्यात आणून बांधलं, ही माझी घाई. गाईच्या बाबतीत प्रोलॅक्टिनचं महत्त्व मुख्यतः विण्याच्या सुमारास. गाभणपणी प्रोजेस्टेरॉन हे गाभ टिकवणारं संप्रेरक दुधाची साखर बनू देत नाही. विण्याआधी ते उतरतं आणि वाट मोकळी होते. पुढं दूध टिकवण्यात वाढीच्या संप्रेरकाचा वाटा मोठा. ते रक्तातलं ग्लुकोज चरबीकडं न जाऊ देता कासेकडं वळवतं.

पण तुमच्या म्हशीचं प्रोलॅक्टिन कुठंच गेलं नाही. अडलंय ते ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा सोडवणारं संप्रेरक. दूध कासेतल्या बारीक पिशव्यांत तयार आहे, पण त्यांच्याभोवतीच्या पेशी आवळल्याशिवाय ते सडापर्यंत उतरत नाही. गाईचं थोडंफार दूध खालच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, म्हशीचं फारच कमी. म्हणून ती पान्हा चोरते तेव्हा भांडं जवळपास रिकामंच राहतं. आपल्याकडची म्हातारी माणसं मेलेल्या वगारीच्या कातड्यात कुटार भरून म्हशीपुढं ठेवायची. मला लहानपणी ते बघवायचं नाही, पण उपाय नेमका होता.

ढेपेचं म्हणाल, तर माल नसेल तर मुकादम काय करणार? केसीनसाठी लागणारा कच्चा माल चाऱ्या-ढेपेतूनच यायचा. इथं आपलं भांडण नाहीच.

ऑक्सिटोसिनची रोजची सुई मात्र टोचू नका. तिची सवय लागली की म्हैस तिच्याशिवाय पान्हवत नाही.

वगार जाऊन किती दिवस झाले, ते तुम्ही लिहिलं नाही. चार-पाच दिवसच झाले असतील तर धार काढताना आंबोण पुढं ठेवा, माणूस बदलू नका, आरडाओरडा नको. घाबरली की पान्हा आणखी आखडतो. पंधरवडा उलटला असेल तर कठीण आहे. दूध आत साचून राहिलं की पेशी ते बनवणंच कमी करतात, आणि मग ती खरोखरच आटते.

लेखातला तो परिच्छेद आज रात्री बदलतो.