‘डार्क’मधलं 33 वर्षांचं चक्र आणि कृष्णेचा पूर: एका फॉरवर्डला उत्तर

‘डार्क’ या जर्मन मालिकेतलं 33 वर्षांचं चक्र खरं आहे, असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: दर 33 वर्षांनी सूर्य, चंद्र आणि सगळे ग्रह होते त्या जागी परत येतात, म्हणून घटनाही परत घडतात. चेर्नोबिल 1986 चं, त्यात 33 मिळवले की 2019, आणि तेव्हा सांगलीत महापूर. कोयनेचा भूकंप 1967 चा, त्यात 33 मिळवले की 2000, आणि तेव्हाही कोयना हादरली. मालिकेने 2020 ची जगबुडी आधीच सांगून ठेवली होती, मग कोरोना आला. मालिकेचं रहस्य शेवटी उलगडलंच नाही, कारण त्यांना पुढचं सांगू दिलं नाही. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: पुढचा महापूर 2052 मध्ये, तोवर कृष्णाकाठ निर्धास्त.

एरवी मी असल्या मेसेजना उत्तर देत बसत नाही. पण हा माझ्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर टाकला. त्याचं घर सांगलीत नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. 2019 मध्ये घर बुडालं, 2021 मध्ये पुन्हा बुडालं. फोन केला तर म्हणाला, “ताई, आता बावन्न सालापर्यंत बघायला नको. माळ्यावरचं सामान खाली घेतो आणि पुढची खोली भाड्याने देतो.” ते ऐकल्यावर गप्प बसवेना. शिवाय ही मालिका मी तिन्ही सीझन अगदी मन लावून बघितली आहे, आणि तिच्या नावावर कुणी वाटेल ते खपवलेलं मला चालत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते.

सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. ही पातळी 2005 मध्ये 53 फुटांच्या वर गेली, 2019 मध्ये 57 च्या वर, आणि 2021 मध्ये 55 च्या आसपास पोचली. पहिल्या दोन पुरांत 14 वर्षांचं अंतर, पुढच्या दोघांत अवघं 2 वर्षांचं. 33 कुठे दिसतात यात? मेसेजमध्ये 2005 नाही आणि 2021 तर नाहीच. जो पूर हिशेबात बसला तेवढा घेतला, बाकीचे गाळले. ज्या माणसाच्या घरात 2021 चा गाळ आला होता, त्यानेच हा मेसेज पुढे पाठवावा याचं मला फार वाईट वाटलं.

आणखी एक बघा. 2019 च्या मागे 33 वर्षं 1986, त्याच्या मागे 1953. त्या दोन वर्षी सांगलीत कृष्णेने काय केलं, यावर मेसेजमध्ये एक अक्षर नाही. ती दोन वर्षं आली आहेत ती मालिकेतून. विंडेन या काल्पनिक गावाच्या गोष्टीत 1953, 1986 आणि 2019 ही तीन वर्षं एकमेकांना जोडलेली आहेत. 2052 सुद्धा तिथलंच. पहिल्या सीझनच्या शेवटी मालिकेचा नायक जोनास जागा होतो ते उद्ध्वस्त विंडेन 2052 मधलं आहे. म्हणजे आपल्या नदीच्या पुराची तारीख एका जर्मन पटकथेतून उचलली आहे.

पूर का येतो हे सांगलीत नव्याने सांगायला नको, पण सांगते. कोयना, नवजा, महाबळेश्वरला पाऊस कोसळतो, धरणं भरत आलेली असली की विसर्ग वाढवावा लागतो, वारणेचं पाणी हरिपूरच्या संगमावर येऊन मिळतं, आणि पुढे नदीला उतार कमी असल्यामुळे पाणी लवकर सरकत नाही. 2019 नंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने 2020 मध्ये अहवाल दिला. त्यात बोट ठेवलंय ते अतिवृष्टीवर आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल त्या समितीने जे म्हटलं ते इथल्या अनेकांना पटलेलं नाही, तो वाद वेगळा आहे आणि चालू राहील. पण त्या वादातल्या कुठल्याही बाजूने आजवर चंद्राचं नाव घेतलेलं नाही.

आता निळी आणि लाल पूररेषा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. मेसेज लिहिणाऱ्याचा सगळा गोंधळ इथेच आहे, आणि खरं सांगायचं तर शिकल्या-सवरलेल्यांचाही होतो. 25 वर्षांतून एकदा म्हणजे एकदा पूर येऊन गेला की पुढची 24 वर्षं सुट्टी, असं नव्हे. त्याचा अर्थ दर पावसाळ्यात 4 टक्के शक्यता. मागच्या वर्षी पूर आला म्हणून या वर्षीची शक्यता कमी होत नाही. नदी एसटीसारखी वेळापत्रकावर येत नाही. गणित करून बघा: दरवर्षी 4 टक्के धरले तर सलग 33 वर्षांत तसा पूर एकदाही न येण्याची शक्यता जेमतेम 26 टक्के, म्हणजे चारात एक. 2052 पर्यंत निर्धास्त राहा असं सांगणारा माणूस तुम्हाला याच भरवशावर तळमजल्यावर झोपायला सांगतो आहे. 2019 मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती पुरातून बाहेर पडत असताना. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं आहे तिथे पुराच्या तारखा असल्या मेसेजमधून वाटल्या जाव्यात याची मला चीड येते.

दुसरा मुद्दा ग्रहांचा. इथे एक अर्धसत्य आहे, आणि नाइलाजाने ते मान्य करते. सूर्य-चंद्राच्या बाबतीत 33 हा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचं, सौरवर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी 11 दिवसांचा फरक पडतो, आणि साठत साठत 33 सौरवर्षांत जवळपास 34 चांद्रवर्षं बसतात. कडेगावचे ताबूत बघायला जाणाऱ्यांना हे माहीत आहे. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, कधी पावसाळ्यात, कधी थंडीत, आणि तेहतीसेक वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. 1993 मध्ये रमजान ईद मार्चमध्ये होती, 2026 मध्येही मार्चमध्येच. मालिकेतल्या तान्हाउस या घड्याळजीच्या तोंडी जे येतं त्याचं मूळ बहुधा इथे आहे.

पण तान्हाउस पुढे जाऊन म्हणतो की 33 वर्षांनी ग्रह-तारे, सगळं विश्वच, होतं तसं होतं. ते साफ चूक आहे. सूर्य-चंद्राचाच मेळ घ्या, तो तंतोतंत नाही: 33 सौरवर्षं आणि 34 चांद्रवर्षं यांत साडेचार दिवसांचा फरक उरतो. याहून कितीतरी चांगला मेळ 19 वर्षांचा आहे. 19 सौरवर्षांत 235 चांद्रमास बसतात आणि फरक उरतो तो दोनेक तासांचा. आपल्याकडे 2004 मध्ये अधिक श्रावण होता, मग 2023 मध्ये होता. मधलं अंतर बरोबर 19. म्हणजे चंद्रामुळेच घटना परत घडत असत्या, तर मेसेजवाल्याने 19 चे आकडे मांडायला हवे होते.

ग्रहांचं तर विचारूच नका, आणि त्यासाठी दुर्बीण लागत नाही. कन्यागत कृष्णाकाठच्या कुणालाही माहीत असतं. गुरू कन्या राशीत आला की नृसिंहवाडीला पर्वकाळ, 2016 मध्ये झाला होता. तो साधारण 12 वर्षांनी येतो, कारण गुरूला सूर्याभोवती फिरायला 11.86 वर्षं लागतात. 33 वर्षांत त्याच्या पावणेतीनच फेऱ्या होतात, म्हणजे तो भलत्याच राशीत असतो. शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून साडेसाती तीस वर्षांनी फिरून येते. 33 वर्षांनंतर शनी आपली जुनी जागा ओलांडून तब्बल 40 अंशांहून जास्त पुढे गेलेला असतो. ज्यांच्या घरात पंचांग आहे त्यांनी ‘सगळे ग्रह पहिल्या जागी’ हे वाक्य एका क्षणासाठीही खरं मानायला नको होतं.

कोयनेचं आता. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आणि 2000 मध्ये कोयना परिसरात बसलेले धक्के, दोन्ही खरे. मात्र त्याच परिसरात 1973, 1980, 1993, 1994 आणि 2005 मध्येही 5 किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे धक्के बसले. 1962 च्या आसपास जलाशयात पाणी साठायला लागल्यापासून असे वीसहून जास्त भूकंप तिथे नोंदले गेले आहेत. इतक्या तारखा हाताशी असल्यावर 33 च काय, 6, 7, 13, 20, हवं ते अंतर काढून दाखवता येतं. कोयनेचे धक्के जलाशयातलं पाणी आणि खालच्या खडकातल्या भेगा यांच्याशी जोडलेले आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि पाटण भागात 3 किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासला आहे. पाटण तालुक्यातल्या लोकांनी अख्खं आयुष्य त्या धक्क्यांत काढलंय. त्यांच्यासमोर हा मेसेज वाचून दाखवायची माझी तरी हिंमत होणार नाही.

चेर्नोबिलबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेतला थ्री माईल आयलंडचा अपघात 1979 चा, चेर्नोबिल 1986, फुकुशिमा 2011. अंतरं 7 आणि 25. अणुभट्टीचा अपघात पुढच्या फेरीत सांगलीचा पूर कसा होतो, हे कुणीतरी मला समजावून सांगावं. आणि पानशेत 1961 मध्ये फुटलं, तर 1994 मध्ये पुण्यात काय बुडालं?

कोरोनाचा मुद्दा. मालिकेत जगबुडीची तारीख 27 जून 2020 आहे, आणि ती सांगणारा दुसरा सीझन 2019 च्या जूनमध्ये आला, हे खरं. तिसरा सीझनही नेमक्या 27 जून 2020 ला आला. पण तो त्या दिवशी मुद्दाम प्रदर्शित केला होता. त्यात भविष्यवाणी काही नाही, ती जाहिरातीची उत्तम कल्पना होती. मालिकेतला विनाश अणुऊर्जा केंद्रातल्या पिंपांमधून होतो. तिथे ना विषाणू, ना साथ. आपल्या जिल्ह्यात इस्लामपुरात मार्च 2020 मध्येच रुग्ण सापडले होते, आणि जूनच्या त्या तारखेला जगात वेगळं असं काहीच घडलं नाही.

राहिला शेवटचा दावा, की रहस्य उलगडलंच नाही कारण पुढचं सांगू दिलं नाही. ज्यांनी मालिका बघितलेली नाही त्यांनी इथे थांबावं, कारण आता शेवट सांगते.

बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझ या जोडीने गोष्ट तीन सीझनचीच ठरवली होती, आणि ती तिसऱ्या सीझनमध्ये, एकूण 26 भागांत पूर्ण झाली. मूळ जगात तान्हाउसचा मुलगा, सून आणि नात गाडीच्या अपघातात जातात. त्यांना परत आणण्यासाठी तो यंत्र बनवतो, ते चालू करतो, आणि त्यातून जोनासचं आणि त्याची प्रेयसी मार्थाचं अशी दोन गुंतलेली जगं तयार होतात. जोनास आणि मार्था मूळ जगात जाऊन तो अपघात टाळतात. मग यंत्र बनवायचं कारणच उरत नाही, दोन्ही जगं विरून जातात, ती दोघंही. याला अर्धवट शेवट म्हणत नाहीत. विज्ञानकथांच्या मालिकांत इतकं चोख उत्तर फार थोड्यांनी दिलेलं आहे.

खरोखर न उलगडलेल्या गोष्टी आहेत, आणि त्यावर वाद घालायला मला केव्हाही आवडेल. वॉलर या पोलिसाच्या डोळ्याला काय झालं होतं? शेवटच्या प्रसंगात तो ते सांगायला तोंड उघडतो आणि नेमके दिवे जातात. शार्लोट आणि एलिझाबेथ एकमेकींच्या आई आणि एकमेकींच्या मुली, तर त्या वर्तुळाची सुरुवात कुठे होते? आणि सगळ्यात मोठा वाद हन्नाचा, म्हणजे जोनासच्या आईचा. त्याच शेवटच्या प्रसंगात, मूळ जगात, जेवणाच्या टेबलावर तिला जोनास घालायचा तसा पिवळा रेनकोट बघून काहीतरी आठवल्यासारखं होतं, आणि पोटातल्या बाळासाठी ती जोनास हे नाव सुचवते. काही चाहते म्हणतात की याचा अर्थ गाठ सुटलेली नाही, चक्र पुन्हा सुरू होणार. मला ते पटत नाही. जुन्या जोनासचा बाप मिकेल होता, मिकेलचा बाप उलरिख, आणि मूळ जगात उलरिखच नाही. हन्नाच्या या बाळाचा बाप वॉलर आहे. नाव तेवढं तेच, मुलगा दुसरा. मेसेजमधलं सगळं भांडवल, म्हणजे घड्याळजीचं वाक्य, 2052, 27 जून, हे पहिल्या दोन सीझनमधलं आहे. तिसरा सीझन बघून कुणाला हे चक्र चालूच राहतं असं वाटत असेल, तर त्याने हन्नाच्या त्या प्रसंगापासून सुरुवात करून माझ्याशी वाद घालावा.