पाचशे रोपं आणि एक एकटा नर

जगातल्या ३८ टक्के वृक्षजाती धोक्यात असल्याची बातमी येऊन बरेच दिवस झाले, पण बापूला ती कालच कुणीतरी फॉरवर्ड केली होती. त्यामुळे कट्ट्यावर पाऊल टाकताच त्याने निकालही देऊन टाकला. "प्रत्येकाने शंभर झाडं लावायची. प्रश्न मिटला!"

"कसली झाडं?" विद्याने विचारलं. ती कित्येक वर्षं रोपवाटिकेत रानझाडं वाढवते आहे, आणि तिचा पहिला प्रश्न नेहमी असाच साधा असतो.

"झाडं म्हणजे झाडं! गेल्या पावसाळ्यात आम्ही पाचशे अशोक लावले. सीतेचा अशोक. दुर्मिळ!"

"सरळसोट उंच जातो, लांबट पानं, कडा नागमोडी?"

"तोच!"

"तो खोटा अशोक. त्याच्या जिवावर कुणी उठलेलं नाही. खऱ्या अशोकाची साल औषधासाठी ओरबाडून नेतात, आणि ती पुरेनाशी झाली की तुझ्या या झाडाची साल तिच्यात मिसळतात."

शिरीष इतका हसला की बापू उखडला. "तू तर बोलूच नकोस. वृक्षारोपणाला बोलावलं तर फिरकला नाहीस." "दुर्बीण परत दे, मग बोलू," शिरीष म्हणाला. दुर्बिणीचं भांडण जुनं आहे आणि ते बराच वेळ चाललं. इथे ते गाळतो.

विद्याने मात्र धागा सोडला नव्हता. "समज, खरा अशोक मिळाला. बी कुठून आणशील?"

"एक जुनं झाड आहे माझ्या पाहण्यात. सगळं बी तिथूनच."

"म्हणजे पाचशेच्या पाचशे भावंडं. उद्या त्यांचंच आपसात परागण होणार आणि पुढची पिढी दुबळी निघणार. आधी लांब लांबचे मातृवृक्ष शोधायचे. प्रत्येकाचं बी वेगळं ठेवायचं, कुठलं रोप कुणाचं हे लिहून ठेवायचं. रोपं किती, हे त्यानंतर."

आता नंदू सरसावला. त्याचा यंत्रांवर गाढ विश्वास. "कशाला ही उठाठेव? बी सुकवायचं, उणे वीस अंशांत बियांच्या बँकेत ठेवायचं. लागेल तेव्हा काढायचं."

"रानजायफळाचं बी सुकवून बघ. मरतं. सदाहरित जंगलातल्या कितीतरी झाडांचं असंच आहे, बी ओलं असतानाच रुजायला हवं. त्यांचा गर्भ काढून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, पण ते प्रत्येक जातीला जमतंच असं नाही. आणि रानजायफळात नरझाड वेगळं, मादीझाड वेगळं. शिवाय बी लांब न्यायला धनेश पक्षी लागतो. तो कुठल्या बँकेत ठेवणार?"

धनेशाचं नाव निघताच बापूला स्फुरण चढलं. मॉरिशसचा डोडो संपला आणि त्याच्या पोटातून गेल्याशिवाय न रुजणारं तांबालाकोक झाड वांझ झालं, ही गोष्ट त्याने उभं राहून, हातवारे करत सांगितली. गोष्ट छानच आहे. १९७७ साली एका शास्त्रज्ञाने ती मांडली, तेव्हापासून ती सगळ्यांना आवडते.

"पण खरी नाही," विद्या म्हणाली. "डोडो गेल्यानंतर रुजलेली झाडंही तिथे सापडली. बी पक्ष्याच्या पोटात न जाताही रुजतं. जंगल तोडलं, बाहेरून आणलेली माकडं न पिकलेली फळंच ओरबाडायला लागली, परक्या झुडपांनी जमीन व्यापली. दोष डोडोवर ढकलला की आपल्याला बरं वाटतं, एवढंच."

बापू खाली बसला.

मला राहवेना, म्हणून मी नरक्या या झाडाचा विषय काढला. कॅम्पटोथेसिन हे द्रव्य १९६६ साली मनरो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. पुढे १९७२मध्ये ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही मिळालं. त्याच्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. म्हणजे माणसाचा जीव वाचवणारं झाड, आणि त्याचं आपण काय केलं? जंगलात शिरून तोडलं, पोती भरली, विकलं. मला याचा मनापासून संताप येतो. ज्याची पुढे पिढ्यान् पिढ्या गरज लागणार, ते लागवडीखाली आणायच्या आधी रानातून संपवायचं, याला हावरटपणाखेरीज दुसरा शब्द नाही.

"ऑस्ट्रेलियावाल्यांनी हेच टाळलं," विद्या म्हणाली. "वोलेमी पाइन १९९४ साली एका दरीत सापडला. मोठी झाडं शंभरही नाहीत. त्यांनी जागा गुप्त ठेवली, कारण येणाऱ्यांच्या बुटांच्या मातीतून मुळं कुजवणारा रोग पोचतो. आणि रोपं वाढवून लोकांना विकली. घरी कुंडीत मिळतंय म्हटल्यावर चोरायला दरीत कोण उतरेल?"

"आणि वणवा आला तेव्हा?" नंदू उसळून म्हणाला. "हेलिकॉप्टरनेच वाचवलं ना? २०१९-२०च्या आगीत माणसं दोरावरून खाली सोडली, झाडांना पाणी द्यायची सोय केली. यंत्रच आलं कामाला!"

"आलं. पण त्यांनी दरी वाचवली, नुसती कुंडी नाही," विद्या म्हणाली. मला विचाराल तर सगळा वाद या एका वाक्यात होता. पण नंदू कसला ऐकतोय! त्याने दक्षिण आफ्रिकेचा सायकॅड, म्हणजे ताडासारखं दिसणारं एक झाड, बाहेर काढला. एन्सेफलार्टॉस वूडी. १८९५ साली ओन्गोये जंगलात त्याचा एकच नर सापडला. आज जगभरच्या उद्यानांत आहेत ती सगळी त्याच्याच फुटव्यांपासून केलेली, सगळे नर. मादी आजवर कुणी पाहिलेली नाही. "आता ड्रोनने फोटो काढून संगणकाकडून मादी शोधून घेतायत. बोल!"

"बोलते. ओन्गोयेचं जंगल अजून उभं आहे, म्हणून ड्रोन उडवायला जागा आहे."

नंदू गप्प झाला. तेवढ्यात बापूने शिरीषकडे रोखून पाहिलं. "सव्वाशे वर्षं एकटा नर, आणि सगळं जग त्याच्यासाठी मादी शोधतंय. शिऱ्या, तुझ्यासाठी तुझी आत्यासुद्धा थकली रे!"

"माझे फुटवे काढून उद्यानांत लावा," शिरीष म्हणाला.

"नको रे बाबा," विद्या हसत उठली, "एकाच झाडाची पाचशे रोपं नकोत, आत्ताच सांगितलं ना!"

यावर बापूच सगळ्यात मोठ्याने हसला. जाता जाता त्याने विद्याला विचारलं, खऱ्या अशोकाचे मातृवृक्ष बघायला कधी नेशील?

"फुलांच्या दिवसांत. आणि दुर्बीण घेऊन ये."

"कुणाची?" शिरीष ओरडला, आणि पुन्हा भांडण जुंपलं.