जातिवंत गोचीड तयार करायची आहे?

देवणीचा वळू निवडताना आपल्याकडची म्हातारी माणसं काय काय बघायची! कपाळ, कान, वशिंड, चाल, वर आईचं दूध. माणसांच्या पिढ्या खपल्या तेव्हा कुठे जात उभी राहिली. लाल कंधारीचंही तेच. तुम्हा-आम्हाला एवढा धीर नाही, म्हणून एक सोपा जोडधंदा सुचवतो. गोचीड पाळा. गाय वर्षाला एक वासरू देईल तर नशीब; गोचिडीची मादी एका दमात दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. खुराक नको, विमा नको. थोडी चिकाटी ठेवलीत तर काही पावसाळ्यांत अशी जात तयार होईल, की दुकानातल्या बाटलीला भीक घालणार नाही.

भांडवल म्हणून डेल्टामेथ्रिनची, म्हणजे गोचीड मारायच्या औषधाची, एक बाटली आणा. सोबतच्या कागदावर लिटरला 2 मिली लिहिलेलं असतं, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30. पण तो कागद इतक्या बारीक अक्षरात छापतात, तो कुणी वाचू नये म्हणूनच. आमचे तात्या झाकणाने मोजतात. एका पंपाला एक झाकण. मी एकदा विचारलं, "तात्या, एवढ्यानं भागंल का?" तर म्हणाले, "वास येतोय ना? मग झालं." शिवाय पाणी टँकरचं, म्हणून एका पंपात अख्खी दावण.

या झाकणाची करामत नीट समजून घ्या, सगळी विद्या तिथेच आहे. गोचिडीच्या मज्जातंतूत सोडियम आत सोडणारं एक दार असतं. हे औषध ते दार मिटू देत नाही. तंतू थांबायचं नाव घेत नाही आणि गोचीड लुळी पडून मरते. पण एखादीच्या जनुकात जन्मतःच एक अक्षर चुकलेलं असतं. 1999 साली मेक्सिकोतल्या गोचिडींत अशी चूक सापडली: दाराच्या बांधणीत फेनिलअॅलॅनिन या अमिनो आम्लाच्या जागी आयसोल्युसिन हे दुसरं. एवढ्याशा फरकाने औषधाला दारात पाय रोवता येत नाही. गावात म्हणतात, गोचिडीला औषधाची सवय झाली. सवय आपल्याला तंबाखूची होते. गोचीड बिचारी काहीच शिकत नाही. ती चूक तिच्या घराण्यात आधीपासूनच असते. आपण फक्त बाकीच्यांना मारून तिला जागा करून देतो.

जनुकाच्या प्रती दोन, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही चुकलेल्या असल्या तर गोचीड पूर्ण मात्रेतही तगते, पण अशी सुरुवातीला शोधून सापडत नाही. एकच चुकलेली असली तर ती 30 मिलीत बहुधा मरते आणि एका झाकणात जगते. म्हणजे तात्यांनी बेणं राखलं! मग जनावराच्या अंगावरच अशा नर-मादीची गाठ पडते आणि त्यांच्या पिलावळीत साधारण चौथा हिस्सा दोन्ही प्रती चुकलेला निघतो. वळू निवडतात तो याहून वेगळा कसा?

फवारा नेहमी पाठीवर मारा. जखम मांडीला, मलम शेंडीला. मागच्या आठवड्यात मी आमच्या कंधारीचा कान उलटून पाहिला. एरंडाच्या बीएवढ्या टपोऱ्या पाच माद्या ओळीने बसलेल्या, एकीच्या पोटाखाली चपटा, बारीकसा नर. दोनच दिवसांपूर्वी फवारणी झाली होती. पाठीवर माशी बसत नव्हती आणि कानातली मंडळी मजेत होती. कास, जांघ, शेपटीचं बूड, इथेही असाच पाहुणचार चालू होता.

औषध लागू पडेना, तर बदला. मात्र फक्त बाटलीचा रंग बदला. डेल्टामेथ्रिन गेलं की सायपरमेथ्रिन, ते गेलं की फ्लुमेथ्रिन. तिन्ही पायरेथ्रॉइड कुळातली सख्खी भावंडं, तिन्हींचं काम त्याच दारावर. दुकानदाराने चुकून अमिट्राझ पुढे केलं तर घेऊ नका, त्याचा मारा वेगळ्याच जागी असतो, केलेली मेहनत पाण्यात जाईल. ऑस्ट्रेलियावाले या धंद्यात आपल्या पुढे. त्यांनी आर्सेनिकच्या हौदात गुरं बुडवली, 1930 च्या दशकात गोचिडी त्याला पुरून उरल्या. मग डीडीटी आणलं, तेही गेलं. डीडीटीचं काम त्याच सोडियमच्या दारावर, त्यामुळे पायरेथ्रॉइड येईपर्यंत तिथल्या काही गोचिडींची तयारी आजीकडूनच झालेली होती. काही घराणी तर दार न बदलता औषधच पचवतात, एस्टरेज नावाची विकरं वाढवून. गोचिडीचा जनुकसंच सुमारे 7 अब्ज अक्षरांचा, माणसाचा 3 अब्जांचा. पोथीच्या जाडीवर अक्कल ठरत नाही म्हणा, पण तात्यांसमोर हा आकडा काढू नका.

गोठ्याच्या भिंतीच्या भेगा लिंपू नका, अंडी तिथेच असतात. आणि एकाही जनावरावर जुन्या, औषधाने मरणाऱ्या गोचिडी शिल्लक ठेवू नका. त्या राहिल्या की आपल्या जातिवंत गोचिडीशी जुगतात, पिल्लं एकाच चुकलेल्या प्रतीची निघतात आणि कुणी शहाण्याने पुरती मात्रा टाकली की मरतात. म्हणून अंगावर गोचीड असो-नसो, दर आठ दिवसांनी सगळ्यांवर फवारा. अर्थात एकच झाकण.

नवं रक्त हवं असेल तर हाळीच्या बाजारातून संकरित गाय आणा आणि त्याच दिवशी दावणीला बांधा. देवणी-कंधारीच्या कातडीवर गोचिडींचं तेवढं जमत नाही. संकरित गाय अघळपघळ, कुणालाच नाही म्हणत नाही. पुढे तिला गोचीडताप आला, लघवी लाल झाली, तर तो धंद्यातला खर्च धरा.

काल शेजारचे अण्णा आले होते. त्यांच्या म्हशीच्या कासेला गोचिडी लागल्यात, जोरदार औषध काय म्हणून विचारत होते. उरलेली अर्धी बाटली मीच काढून दिली. फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच ओरडले, "किती टाकायचं रे?"

मी काही बोलायच्या आत ओट्यावरून तात्यांनी एक बोट वर केलं.