सहाशे पानांची अडगळ

भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' या कादंबरीला कंटाळवाणी म्हणणाऱ्यांनी ती नीट वाचलेलीच नसते, हे तिच्यावरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. मी दोनदा वाचली आहे. पहिल्यांदा २०१० मध्ये, गाजावाजा चालू असताना, आणि शंभरेक पानांनंतर मलाही झोप यायची. ती झोप खोटी नव्हती हो!

दुसऱ्या वेळी वडील आजारी होते. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला नायक खंडेराव बापाच्या आजारपणाची बातमी कळल्यावर आपल्या गावाकडे, मोरगावला निघतो, ते तेव्हा वेगळंच वाचलं गेलं. डोक्यात हजारो वर्षांचा इतिहास, आणि पुढ्यात प्रश्न एवढाच, की बापामागे शेती कोण बघणार? कुणब्याच्या घरातून शिकून बाहेर पडलेल्या माणसाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. गावातल्या बायकांची आयुष्यं जिथे येतात, तिथे तर मी पुस्तक मिटून बसून राहायचो.

तरीही विद्यापीठातली भांडणं, चर्चा, याद्यांवर याद्या, यांतली दीडशे पानं सहज कापता आली असती. 'अडगळ नावातच आहे' असं म्हणून नेमाड्यांचे भक्त प्रत्येक आक्षेप उडवून लावतात, ही सोयीची पळवाट झाली. उलट बाजूचे काही जण तर लेखकाच्या भाषणांवरचा राग कादंबरीवर काढतात.

नेमाड्यांची आधीची 'कोसला' आवडली म्हणून ही आवडेलच असं नाही. आमच्या घरात बायकोनं चाळीसाव्या पानावर ठेवलेली खूण अजून तिथेच आहे.