धंद्याच्या नावावर ईव्ही घेतली की अर्धे पैसे परत? एकेक मुद्दा तपासून बघू

बडोद्यातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मला तो मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांनी पाठवला, मग दांडिया बाजारातल्या नातेवाइकांनी पाठवला, आणि आता तर लोक गाडीचं कोटेशन सोबत घेऊनच विचारायला येतात. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: १५ लाखांची इलेक्ट्रिक गाडी फर्मच्या नावावर घ्या, गुजरात सरकार दीड लाख सबसिडी देतं, जीएसटी सगळा परत मिळतो, लोनच्या व्याजावर दीड लाखाची सूट, पहिल्याच वर्षी ४० टक्के घसारा (गाडीची झीज म्हणून उत्पन्नातून वजा होणारी रक्कम), चार्जरवर ८० टक्के सबसिडी, वर चार्जिंगची वीज फुकट, म्हणजे गाडी जवळपास अर्ध्या किमतीत पडते, फक्त ३१ मार्चच्या आत घ्या.

मी छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि रिटर्न बघते. या मेसेजमधला जवळपास प्रत्येक मुद्दा कधीतरी, कोणासाठी तरी खरा होता किंवा आहे, आणि म्हणूनच लोकांचा त्यावर चटकन विश्वास बसतो. पण हे सगळं एकाच धंद्याला एकाच गाडीवर मिळतं हे साफ खोटं आहे, आणि त्यावर विसंबून लोक हप्ते गळ्यात बांधून घेतायत हे बघून मला खरंच त्रास होतो.

आधी सबसिडी. गुजरातची ईव्ही पॉलिसी १ जुलै २०२१ पासून चार वर्षांसाठी होती, म्हणजे ३० जून २०२५ ला तिची मुदत संपली. त्यात बॅटरीच्या क्षमतेप्रमाणे, दर किलोवॅट-अवरला (म्हणजे विजेच्या एका युनिटला) १०,००० रुपये मिळायचे, कारला जास्तीत जास्त दीड लाख, तीनचाकीला ५०,००० आणि दुचाकीला २०,०००. मेसेजमधला दीड लाखाचा आकडा तिथूनच उचललाय. तेव्हासुद्धा कारची एक्स-फॅक्टरी (कारखान्यातून निघतानाची) किंमत १५ लाखांच्या वर असेल तर काही मिळत नव्हतं आणि गाड्यांचा आकडाही ठरलेला होता, कार फक्त २०,०००. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह स्कीम ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, १०,९०० कोटींची, पण तिच्यात कार पहिल्यापासूनच नाहीत. दुचाकी-तीनचाकीला पहिल्या वर्षी किलोवॅट-अवरमागे ५,००० होते, एप्रिल २०२५ पासून ते निम्म्यावर, २,५०० वर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये स्कीम २०२८ पर्यंत वाढवली तेव्हासुद्धा दुचाकी-तीनचाकीची तारीख ३१ मार्च २०२६ हीच ठेवली. ट्रकला ९.६ लाखांपर्यंतची रक्कम आहे, पण त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी ट्रक घेणारा मला तरी कोणी दिसला नाही.

रावपुऱ्यातल्या एका फरसाणवाल्या काकांनी मला कोटेशन दाखवलं, त्यात खाली पेनानं लिहिलेलं, "सबसिडी नंतर खात्यात जमा होईल." छापील किमतीत कुठेही वजावट नव्हती. केंद्राच्या स्कीममध्ये सबसिडी गाडीच्या किमतीतूनच वजा होऊन येते, तुमच्या मोबाइलवर ई-व्हाउचर येतं आणि पैसे नंतर कंपनी सरकारकडून घेते. खात्यात पैसे येण्याची पद्धत गुजरातच्या जुन्या पॉलिसीत होती. म्हणजे काकांना संपलेल्या स्कीमचं आश्वासन पेनानं लिहून दिलेलं. वजावट बिलात छापलेली नसेल तर सबसिडी नाही असंच धरून चाला.

जीएसटीचं बघू. ईव्हीवर ५ टक्के जीएसटी आहे, ऑगस्ट २०१९ पासून, हे बरोबर. पण "सगळा परत" कोणाला? माणसं नेणाऱ्या गाडीत ड्रायव्हर धरून १३ किंवा कमी सीट असतील तर सीजीएसटी म्हणजे केंद्राच्या जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी स्वतःच्या जीएसटीतून वळता करून घेणं) अडवलेलं आहे, तुमचा धंदा टॅक्सीचा, ड्रायव्हिंग स्कूलचा किंवा गाड्या विकण्याचा असेल तरच मिळतं. शेठजींची कार पेट्रोलची असो की बॅटरीची, क्रेडिट शून्य. माल वाहणाऱ्या गाडीला मात्र क्रेडिट मिळतं, आणि इथे एक गंमतशीर गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेल-सीएनजीच्या लोडिंग गाड्यांवर १८ टक्के आहे, तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल तर ते १८ पण क्रेडिटमध्ये मिळतात आणि ईव्हीचे ५ पण मिळतात, म्हणजे तुमच्यासाठी "फक्त ५ टक्के जीएसटी" हा फायदा उरतच नाही, फार तर सुरुवातीला पैसे कमी अडकतात. ५ टक्क्यांचा खरा फायदा ज्याला क्रेडिट मिळत नाही त्याला, म्हणजे कंपोझिशनवाला (उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरणारा छोटा व्यापारी), नोंदणी नसलेला किंवा साधी कार घेणारा. मेसेजमध्ये बरोबर याच्या उलट लिहिलंय.

व्याजावरची दीड लाखाची सूट म्हणजे आयकराचं कलम ८०ईईबी. ती फक्त व्यक्तीला होती, फर्म किंवा कंपनीला नव्हतीच, आणि लोन १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं हवं होतं. नवीन लोनला काही नाही. आणि मुळात गाडी धंद्यासाठी असेल तर लोनचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून तसंही वजा होतं, डिझेल टेम्पोचंसुद्धा होतं, त्यात ईव्हीचं वेगळं असं काही नाही.

आता घसारा, कारण सगळ्यात मोठा आकडा इथे दाखवला जातो. आयकराच्या १९६२ च्या नियमांतल्या तक्त्यात बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना ४० टक्के घसारा आहे, साध्या कारला १५ टक्के. हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण ४० टक्के घसारा म्हणजे ४० टक्के पैसे परत नव्हेत. १२ लाखांची गाडी धरा, ४,८०,००० उत्पन्नातून वजा होतील, पार्टनरशिप फर्म सेस धरून ३१.२ टक्के टॅक्स भरते म्हणजे वाचले १,४९,७६०. पेट्रोल कारवर १,८०,००० वजा झाले असते आणि ५६,१६० वाचले असते. म्हणजे पहिल्या वर्षीचा जास्तीचा फायदा साधारण ९३,६००, तोही पुढच्या वर्षांतून आधी ओढून आणलेला, कारण उरलेल्या किमतीवर दरवर्षी घसारा कमी होत जातो, पेट्रोल कारचा मागून येत राहतो. आणि ३१ मार्चची घाई तर उलटी अंगाशी येते: वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्मा, म्हणजे मार्चमध्ये घेतलेल्या गाडीला ४० नाही, २० टक्के. नुसतं बुकिंग केलं आणि गाडी वापरातच आली नाही तर त्या वर्षी शून्य.

याहून मोठी गोष्ट आयकराच्या कलम ४४एडीची, म्हणजे छोट्या धंद्यांनी ठरावीक टक्के नफा धरून टॅक्स भरायच्या सोयीची. आपल्या मांडवी-रावपुऱ्यातले कितीतरी दुकानदार उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरतात. त्यांना घसारा वेगळा मिळतच नाही, तो त्या टक्केवारीत धरूनच टाकलेला असतो. आता ज्याला एक पैसा घसारा मिळणार नाही त्याला हाच मेसेज दाखवून गाडी विकली जातेय. तुम्ही तसं रिटर्न भरत असाल तर ४० टक्क्यांचा मुद्दा तिथेच सोडून द्या.

चार्जरवरची ८० टक्के सबसिडी पीएम ई-ड्राइव्हच्या २,००० कोटींतली. ती सार्वजनिक चार्जिंग स्टेशनसाठी आहे आणि प्रस्ताव राज्य सरकारं, मंत्रालयं, सरकारी कंपन्या यांच्यामार्फत जातात. मार्केट कॉम्प्लेक्स, मॉलसारख्या जागी तर ८० टक्के मिळतात ते ट्रान्सफॉर्मर, केबल, पॅनल अशा विजेच्या बाजूच्या कामाला, चार्जर मशीनला नाही. तुमच्या गोडाऊनमधला स्वतःपुरता चार्जर यात कुठेच बसत नाही. गुजरातच्या जुन्या पॉलिसीत २५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख होते, पण तेही पहिल्या २५० व्यावसायिक सार्वजनिक स्टेशनांना. वीज फुकट कधीच नव्हती, त्या पॉलिसीत चार्जिंग स्टेशनला वीज शुल्क माफ होतं, म्हणजे बिलातला एक कर, अख्खं बिल नाही. मात्र यातली एक चांगली गोष्ट दुकानदारांना माहीतच नसते: चार्जिंग स्टेशन चालवायला वेगळं लायसन्स लागत नाही, २०१८ पासूनच केंद्रानं ते स्पष्ट केलंय, आणि स्वतःच्या गाडीला स्वतःच्या दुकानाच्या चालू कनेक्शनवर चार्ज करता येतं. कनेक्शनचा लोड पुरेसा आहे का एवढं एमजीव्हीसीएलकडे, म्हणजे आपल्या वीज कंपनीकडे विचारून घ्या.

मग ईव्ही घेऊच नये का? लोडिंगच्या तीनचाकीचा विचार जरूर करावा, आणि तो सबसिडीवर नाही, किलोमीटरवर करावा. समजा खंडेराव मार्केटमधून माल उचलून मांजलपूर, कारेलीबाग, वाघोडिया रोड अशा फेऱ्या आहेत, दिवसाला ७० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस. सीएनजी ८० रुपये किलो आणि २८ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला २.८६ रुपये, बॅटरीची गाडी एका युनिटला १० किलोमीटर आणि युनिट ८ रुपये धरलं तर ८० पैसे. फरक २ रुपयांच्या थोडा वर, म्हणजे वर्षाला ४२,००० च्या पुढे. हा पैसा कोणत्याही स्कीमवर अवलंबून नाही, तो रोज वाचतो. पण तुमची गाडी दिवसाला १५ किलोमीटरच फिरत असेल तर हेच गणित वर्षाला ९,००० वर येतं आणि जास्तीचा हप्ता त्यातून निघत नाही. आकडे तुमचे घाला, महिनाभराचं सीएनजीचं बिल आणि मीटरचं रीडिंग बस झालं.

गाडी घ्यायचं ठरलंच तर पैसे चेकनं किंवा बँकेतून द्या. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिली तर ती रक्कम घसाऱ्यासाठी गाडीच्या किमतीत धरलीच जात नाही, आणि जुन्या बडोद्यात बुकिंगची रक्कम अजूनही पाकिटातूनच निघते.